खच्ची केलेला कुत्रा पाणी भरू देत नसल्याबाबत

प्रति,
मा. प्रांत अधिकारी साहेब,
टंचाई पाहणी दौरा,
मुक्काम : डाकबंगला, परंडा,
जिल्हा उस्मानाबाद.

अर्जदार : पुतळाबाई बलभीम सरवदे, वय सुमारे साठ, धंदा मजुरी, राहणार नवी वस्ती, मौजे चिंचखोपी.

विषय : पिण्याच्या पाण्याबाबत. (सदर अर्ज कुत्र्याबाबत नाही. कृपया गुरांच्या दवाखान्याकडे वर्ग करू नये.)

संदर्भ : १) अर्जदाराचा पहिला अर्ज, जो गुरांच्या दवाखान्याकडे गेला.
२) अर्जदाराचा दुसरा अर्ज, जो पहिल्याला टाचून तिकडेच गेला.

महोदय,

अर्जनवीसाने टाक उचलण्याआधीच अर्जदार बाईने बजावले आहे की या खेपेला गोड लिहायचे नाही, गोड लिहून दोनदा पाहिले. सबब, तिने जे सांगितले ते सरकारी भाषेत बसेल तेवढे बसवले आहे आणि जे बसेना ते तसेच ठेवले आहे. साहेबांनी त्याचा राग मानू नये. लिहिणारा या धंद्यात म्हातारा झाला, पण असा अर्ज त्याने आजवर लिहिलेला नाही.

१) मौजे चिंचखोपी येथे सहकारी दूध उत्पादक संस्था असून संस्थेच्या आवारात संस्थेची विहीर आहे. संस्थेचे चेअरमन आबाराव हे आहेत. गेल्या साली पाऊस गेला, यंदाही गेला. नव्या वस्तीचा हातपंप दांडा हलवला तर नुसता खोकतो. वस्तीत सगळी बौद्ध घरे आहेत, कुणाच्या मालकीची विहीर नाही. म्हणून गेल्या सालच्या श्रावणात सरकारने संस्थेची विहीर टंचाईत अधिग्रहित केली आणि नव्या वस्तीने तिचे पाणी प्यायला भरावे असा लेखी हुकूम दिला. चेअरमनसाहेबांनी तो हुकूम सही करून घेतला. चावडीवर चारचौघांत म्हणाले की विहीर उघडी आहे, पाणी काय कुणाच्या बापाचे आहे, माझी कुणाला आडकाठी नाही. वस्तीतल्या बायांनी त्या दिवशी घागरी घासून ठेवल्या.

दुसऱ्या दिवशी विहिरीच्या कट्ट्यावर सुलतान बसलेला होता.

सुलतान हा चेअरमनसाहेबांचा कुत्रा. रंगाने तांबूस, छातीने रुंद, वयाने तरणा, जातीने गावठीच, पण संस्थेच्या दुधावर वाढलेला. पूर्वी तो चेअरमनसाहेबांच्या मळ्यात साखळीला असे. हुकूम आला आणि त्याची साखळी सुटली. त्या सकाळी अर्जदार सगळ्यांच्या पुढे होती, कारण वस्तीत तीच वयाने थोर. कुत्र्याने तिचे लुगडे फाडले आणि मांडीला दात लावले. घागर हातातून सुटून कट्ट्यावर आपटली आणि चेपली. संस्थेच्या पडवीत दूध मापणारी माणसे उभी होती. त्यांतले कुणी हसले नाही, कुणी धावलेही नाही. मापे चालूच राहिली.

चेअरमनसाहेबांचे खाजगीतले म्हणणे असे की, दुधाचे कॅन याच विहिरीच्या पाण्याने धुतात. वस्तीच्या घागरी तिच्यात बुडाल्या तर दूध घालणारे बिथरतील आणि संस्था बसेल. खाजगीतले बोलणे गावात किती वेळ खाजगी राहते हे साहेबांना ठाऊक असेलच.

२) मग वस्ती काय पिते, असा प्रश्न साहेबांना पडेल. वस्ती नदीच्या पात्रातले पाणी पिते. पात्रात झिरा खणायचा, वाटीवाटीने भरायचा. वर हिरवी साय धरलेली असते, आत बारीक किडे वळवळतात, आणि अलीकडे गावच्या म्हशी बसलेल्या असतात. पदरातून गाळून घेतले की पदर घाण होतो आणि तो धुवायला पाणी नसते. पोरांना हगवण सुटलेली आहे. त्याच वेळी संस्थेच्या आवारात कॅन विसळलेले पांढरे पाणी थाळीत ओतून सुलतानास पाजतात. अर्जदार म्हणते, ते बघून तिला थुंकावेसे वाटते, पण थुंकायलासुद्धा तोंडात ओल लागते. हे वाक्य अर्जात बसत नाही असे अर्जनवीसाने सांगून पाहिले. ती म्हणाली, बसवा.

३) अर्जदार प्रथम ठाण्यात गेली. पाणी भरू न देणे हा गुन्हा आहे, त्याला नागरी हक्क संरक्षणाचा कायदा आहे, हे वस्तीत शाळेतल्या पोरालाही पाठ आहे. तेथील जमादारांनी वही उघडून विचारले की मनाई कोणी केली, त्या इसमाचे नाव सांगा. अर्जदाराने चेअरमनसाहेबांचे नाव सांगितले. जमादारांनी विचारले, ते तोंडाने नाही म्हणाले का? अर्जदार खोटे बोलत नाही. ती म्हणाली, तोंडाने तर ते या म्हणाले. मग मनाई कोणी केली? कुत्र्याने. जमादारांनी वही मिटली. कुत्र्याला जात नाही, सबब त्याच्यावर सदर कायदा चालत नाही असे त्यांचे म्हणणे पडले. अर्जदाराने घरी येऊन यावर पुष्कळ विचार केला आणि तिला जमादारांचे काही चुकले असे वाटले नाही. चुकले नाही म्हणूनच तिला शिसारी आली.

४) त्यानंतर अर्जदाराने पहिला अर्ज केला. तो पाण्याचा होता. पण त्यात कुत्रा हा शब्द पाच-सहा वेळा आलेला असल्याने कचेरीत कोणीतरी तो गुरांच्या दवाखान्याकडे पाठवला. दुखणं हाल्याला आणि इंजेक्शन पखालीला म्हणतात ते असे. दवाखान्याचे डॉक्टर भले माणूस. ते बिचारे सायकलवर आले आणि कुत्रा पाहून गेले. त्यावर गावसभा बसली.

गावसभेत सगळ्यांचे एकमत व्हायला वेळ लागला नाही, कारण हा गाव शेतकऱ्यांचा आहे. गोऱ्हा मारका निघाला, शिंग उगारू लागला, की त्याला बडवतात. बडवला, म्हणजे खच्ची केला, की माज उतरतो आणि तो मुकाट औताला लागतो. हे बापजाद्यांपासून चालत आलेले आहे आणि बैलाबाबत खोटेही नाही. मग कुत्रा काय आणि बैल काय, नर तो नरच, असे एक जण म्हणाला आणि बाकीच्यांनी माना डोलावल्या. माना डोलावणाऱ्यांत वस्तीतलीही माणसे होती, अर्जदाराचा नवरा बलभीम धरून. जन्मभर दुसऱ्याच्या बैलांमागे चाललेल्या माणसाला दुसरे काय सुचणार. चेअरमनसाहेब उठून उभे राहिले आणि भरल्या गळ्याने म्हणाले की गावच्या एकोप्यासाठी माझा सुलतान मी द्यायला तयार आहे.

वैशाखात तो कार्यक्रम झाला. साहेब, कार्यक्रम हा शब्द अर्जनवीसाचा नाही. तसे संस्थेच्या फळ्यावर खडूने लिहिले होते. मांडव घातला. नारळ फोडला. हलगी बोलावली. कुत्र्याचे बडवणे पाहायला शेजारच्या दोन वाड्यांची माणसे आली, बाया मात्र तोंडाला पदर लावून लांब उभ्या राहिल्या. डॉक्टरांनी भूल दिली, टाके घातले, सगळे रीतसर केले. त्याग सुलतानाने केला आणि हार पडला तो चेअरमनसाहेबांच्या गळ्यात. पेढे वाटले, तेही संस्थेच्या दुधाचे. वस्तीला ते लांबून ओंजळीत टाकले. अर्जदाराने आपला पेढा तिथेच मातीत ठेवला आणि वर माती लोटली.

डॉक्टरांना दोन शब्द बोलायला सांगितले तेव्हा ते म्हणाले की बडवल्याने कुत्रा दुसऱ्या कुत्र्यांशी भांडायचा कमी होतो आणि मादीमागे भटकायचा थांबतो. पण माणसाला चावायचे याने थांबेलच असे मला सांगता येणार नाही, तो कशामुळे चावतो ते आधी बघायला पाहिजे. त्यांचे दुसरे वाक्य चालू असतानाच हलगी सुरू झाली. नंतर जे प्रमाणपत्र चावडीवर वाचून दाखवले त्यात पहिल्या वाक्यापुरतेच डॉक्टर होते. पुढे गावसभेने आपल्या मनाने जोडले होते की सदर कुत्र्याचा आक्रमकपणा शमला असून आता भिण्याचे कारण उरलेले नाही.

५) त्या कागदावर विश्वास ठेवून विहिरीवर पहिल्यांदा गेली ती अर्जदाराची सून सुमनबाई. ती तेव्हा अंगावर पाजणारी होती. सासूने नको म्हटले होते. सून म्हणाली, सरकारी शिक्का आहे, आत्याबाई, शिक्का कसा खोटा निघेल. सुलतान कट्ट्यावर झोपलेला होता. त्याने मान वर केली, घागरीकडे पाहिले आणि उठला. पोटरीचा लचका निघाला. बेंबीभोवतीची सगळी इंजेक्शने तिने घेतली, पोट सुजून दगडासारखे झाले. अंगावरचे दूध आटले. नातू वरच्या पाण्यावर आला, आणि वरचे पाणी म्हणजे वर कलम दोनमध्ये लिहिले आहे ते. पोर हाडांवर आलेले आहे. अर्जदार या अर्जात कितीही तिरकस बोलली तरी ती ज्याच्यासाठी परंड्यापर्यंत चालत आली आहे ते हे पोर आहे. ते ती तिरकस बोलत नाही.

६) आता साहेबांनी नीट ध्यानात घ्यावे असे एक कलम येते. हे ऐकून अर्जनवीसानेही टाक खाली ठेवला होता.

बडवण्याने सुलतानात फरक पडला. डॉक्टर बोलले तो तंतोतंत पडला. पूर्वी तो गावच्या कुत्र्यांशी रोज भांडत असे, आता भांडत नाही. पूर्वी तो भटकत असे, आता भटकत नाही. आणि वस्तीला जे पाणी मिळत होते ते त्याच्या भटकण्यामुळेच मिळत होते. एरवीही महिन्यातून एखाद-दुसरा दिवस तो कुठे वाडीवर उलथलेला असे. भाद्रपदात तर त्याचा पाय ठरत नसे. गेल्या सालच्या भाद्रपदात सुलतान कुठल्याशा कुत्रीमागे निघून गेला की वस्तीतली पहिली बाई दुसरीला सांगे, सुलतान गेला गं, आणि दारोदारी घागरी निघत. तेवढे दिवस वस्तीने विहिरीचे पाणी प्यायले. पोरांची पोटे तेवढे दिवस थांबली. तो कान फाटून, लंगडत परत येई तेव्हा घरात दोन रांजण भरलेले असत. भाद्रपदाच्या नावाने लोक नाक मुरडतात, पण वस्तीने त्या महिन्याचे उपकार मानले आहेत.

यंदाच्या भाद्रपदात गावातली सगळी कुत्री बोंबलत रानोमाळ हिंडली. सुलतान हलला नाही. आता तो लठ्ठ झाला आहे. जागा सोडत नाही. खातो, कट्ट्यावर पडतो, आणि घागर दिसली की उठतो. पूर्वी तो पहाऱ्यावरचा नोकर होता आणि अधूनमधून खाडे करायचा. गावसभेने एवढा खर्च करून त्याचे खाडे बंद केले. चावणे होते तिथेच आहे.

७) दुसऱ्या अर्जावरून पंचनामा झाला. पंच आले, दवाखान्याची दोन माणसे आली. सुलतानाने शेपूट हलवले, एकाचा बूट चाटला. पंचनाम्यात लिहिले की कुत्रा शांत व माणसाळलेला असून तक्रार निराधार दिसते. यात पंचांनी खोटे लिहिले असे अर्जदार म्हणत नाही. त्यांच्यापैकी कोणाच्याच हातात घागर नव्हती.

त्यावर गावसभेने असा तोडगा काढला की दोष आता कुत्र्यात उरला नाही, वस्तीच्या बायांच्या मनात आहे. तरी त्यांनी पाळीपाळीने रोज सुलतानास भाकरी घालून ओळख वाढवावी. साहेब, दुष्काळी कामावर खडी फोडून आणलेली भाकरी ती. अर्जदाराला विचाराल तर तिने त्या दिवशी गावसभेच्या तोंडावर नाही म्हणायला हवे होते, पण पाण्याच्या आशेने माणूस काय काय करतो. बायांनी भाकरी घातली. कडूबाई नावाच्या म्हातारीने तर तिच्यावर गुळाचा खडा ठेवून घातली. सुलतानाने सगळ्यांची भाकरी खाल्ली, हात चाटले. नंतर त्याच बाया घागर घेऊन आल्या तेव्हा त्याच बायांवर गेला. कडूबाईच्या हाताला त्याची लाळ वाळलेली नव्हती तोवर त्याच हाताला दात लागले. भीक नको पण कुत्रं आवर, अशी म्हण आहे. इथे भीक कोणी मागितलेलीच नव्हती. उलट वस्तीनेच कुत्र्याला वाढली.

८) तो कशामुळे चावतो ते बघा, असे डॉक्टर म्हणाले होते. ते शेवटी अर्जदाराला कळले. संस्थेत कॅन धुणारा व्यंकट हा गडी एके दिवशी झिऱ्यावर आला, अर्जदाराची वाटी घेऊन चार वाट्या त्याने भरून दिल्या, आणि मान खाली घालून सगळे सांगून टाकले. हुकूम येणार अशी कुणकुण चेअरमनसाहेबांना आधीच लागली होती. कुत्रा मळ्यात साखळीला असतानाच व्यंकटला कामाला लावले. त्याने रोज रिकामी घागर वाजवत कुत्र्यापुढे जायचे, घागर त्याच्या थोबाडावर आपटायची, आणि तो चिडून घागरीवर गेला की मग भाकरी टाकायची. गेला नाही तर उपाशी ठेवायचे. दिवसेंदिवस हे चालले. हे सांगून व्यंकट म्हणाला,

"मावशी, त्येला बडवून काय व्हणार? ते त्येच्यात न्हवतंच. ते म्या घातलंय."

अर्जदाराने विचारले की असे लिहून देशील का. तो रडायला लागला. त्याचे पोट संस्थेवर आहे, बायको गरोदर आहे. तो लिहून देणार नाही, आणि साहेबांनी त्याला बोलावून विचारले तर तो नाहीच म्हणेल. अर्जदाराचा त्याच्यावर राग नाही असे लिहा म्हणाली, मग म्हणाली, आहे, पण थोडा आहे.

तरी अर्जदाराची मागणी काय, ते साहेबांपुढे स्पष्ट मांडतो. मधल्या काळात गावातून नाना उपाय सुचवले गेले आहेत. सुलतानाचे दात काढावेत, त्याला मुसकी बांधावी, आणखी एकदा दवाखान्यात न्यावे. एकाने तर दुसरा कुत्रा आणून तोही बडवावा असे सुचवले. अर्जदाराला यातले काहीही नको. सुलतानाला गोळी घाला असेही ती म्हणत नाही. त्या मुक्या जिवाला उपाशी ठेवले, मारले, वर मांडवात निजवून कापले, आणि ज्याच्यासाठी कापले ते त्याच्यात नव्हतेच. त्याचे व्हायचे ते वाटोळे झालेले आहे. त्याच्याकडे बघितले तरी आता तिला किळस येते, पण ती कुत्र्याची येत नाही.

तिला टँकरही नको. हुकूम विहिरीचा आहे, आणि विहिरीत पाणी आहे, दोन पुरुष खोल. ते ती रोज लांबून बघते.

तिची मागणी एवढीच की कुत्र्याला कट्ट्यावरून उठवावे आणि त्याच्या जागी चेअरमन आबाराव यांनी स्वतः येऊन बसावे. नव्या वस्तीने पाणी भरायचे नसेल तर त्यांनी तसे आपल्या तोंडाने सांगावे, अर्जदाराच्या तोंडाकडे बघून सांगावे, आणि कागदावर लिहून खाली सही करावी. सून घागर घेऊन समोर उभी राहील, नातू तिच्या कडेवर असेल. त्यांनी तसे तोंडावर नाही म्हटले तर वस्ती ठाण्याची वाट धरील, आणि या वेळी जमादारांना वहीत लिहायला नाव मिळेल. आणि तसे म्हणवले नाही, तर त्यांनी बाजूला सरकावे. पाणी भरायला फार वेळ लागत नाही.

साहेबांच्या उत्तराची वाट पाहणारी, नम्र होऊन दमलेली,

अर्जदार
पुतळाबाई बलभीम सरवदे
(सही तिची स्वतःची आहे. प्रौढ शिक्षणाच्या वर्गात शिकली.)

परंडा, दिनांक १७ नोव्हेंबर १९८६

अर्ज लिहिणार : गुरुसिद्धप्पा, अर्जनवीस, परंडा. अर्ज वाचून दाखवला. अर्जदार म्हणाली, बरोबर आहे, थोडा गोडच झाला.

सोबत जोडले आहे :
१) विहीर अधिग्रहणाच्या हुकुमाची नक्कल.
२) सुमनबाईच्या इंजेक्शनांचा दवाखान्याचा कागद.
३) एक कोरा कागद. चेअरमनसाहेबांच्या मनाईसाठी. खाली सहीपुरती जागा सोडली आहे.